माणूस नामशेष होईल का? तो याआधीही झाला आहे!

संध्याकाळी सात वाजता चेन्नईच्या वेलचेरी स्टेशनबाहेर उभं राहून बघा. ऑफिसमधून परतणाऱ्यांची झुंबड, दुचाक्यांचे हॉर्न, डोशाच्या गाडीभोवतीचा घोळका आणि जिकडे नजर जाईल तिकडे उंच इमारती. अशा वेळी कुणी तुम्हाला विचारलं, ‘काय हो, माणूस एक दिवस पृथ्वीवरून नाहीसा होईल का?’ तर तुम्हाला हसूच येईल. जगात ८०० कोटींहून जास्त माणसं आहेत. ती संपणार कशी?

पण याच वेलचेरीपासून साधारण १० किलोमीटरवर या प्रश्नाचं एक उत्तर जमिनीत पडून होतं. ते थोडं अस्वस्थ करणारं आहे, म्हणून आधी तेच पाहू.

पल्लावरमचा दगड

विमानतळाला लागून पल्लावरम नावाचं उपनगर आहे. ३० मे १८६३ रोजी तिथल्या मुरमाच्या एका खड्ड्यात रॉबर्ट ब्रूस फूट या २८ वर्षांच्या भूवैज्ञानिकाला एक दगड दिसला. कोकणातल्या वाचकांना चांगला ठाऊक असलेल्या जांभ्याचाच तो मुरूम. दगड मात्र वेगळा होता. दोन्ही बाजूंनी टवके काढून त्याला बदामासारखा आकार दिलेला होता. ती हातकुऱ्हाड होती. भारतात पुराश्मयुगातला माणूस राहत होता, याचा हा पहिला पुरावा. चारच महिन्यांनी फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना चेन्नईच्या वायव्येला सुमारे ६० किलोमीटरवर अत्तिरमपक्कम या गावाजवळ अशा हत्यारांचा मोठा साठाच सापडला.

ही हत्यारं किती जुनी, हे समजायला मात्र जवळजवळ दीडशे वर्षं लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक राहिलेल्या शांती पप्पू आणि त्यांचे सहकारी कुमार अखिलेश यांनी १९९९पासून अत्तिरमपक्कमला पद्धतशीर उत्खनन केलं. २०११मध्ये त्यांच्या चमूने निष्कर्ष जाहीर केला. सर्वात खालच्या थरातल्या हातकुऱ्हाडी किमान १० लाख आणि सरासरी १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत.

आता एक साधा हिशेब करा. आपली प्रजाती, म्हणजे होमो सेपियन्स. तिचे आजवर मिळालेले सर्वात जुने अवशेष मोरोक्कोतले आहेत आणि त्यांचं वय आहे सुमारे ३ लाख वर्षं. मग १५ लाख वर्षांपूर्वी चेन्नईजवळ बसून दगड घडवणारे हात कुणाचे होते?

ते आपले नव्हते. ते दुसऱ्याच कुठल्या तरी मानवाचे होते. अत्तिरमपक्कमला त्यांचं एकही हाड मिळालेलं नाही, फक्त हत्यारं मिळाली. अशा प्राचीन मानवाची कवटी भारतात सापडली ती १९८२मध्ये, मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या हथनोरा इथे, अरुण सोनकिया यांना. ती नेमकी कुठल्या प्रजातीची यावर अजून वाद आहे. एवढं मात्र नक्की, की ती माणसं इथे होती आणि आज नाहीत.

वडाच्या फांद्या

शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र तुम्हाला आठवत असेल. आधी माकड, मग वाकलेला माणूस, मग ताठ उभा माणूस, सगळे एका रांगेत. ते चित्र मनातून काढून टाका. उत्क्रांती अशी रांगेत चालत नाही आणि तिला कुठे पोहोचायचंही नसतं.

त्यापेक्षा वेलचेरीहून अड्यारला जा. तिथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात शेकडो वर्षांचा प्रचंड वड आहे. १९८९च्या वादळात त्याचं मुख्य खोड पडलं, पण पारंब्यांची नवी खोडं झाली होती, त्यांवर झाड टिकलं. मानवाची उत्क्रांती ही अशी आहे. अनेक फांद्या, काही वाळलेल्या, काही एकमेकींत मिसळलेल्या.

एक लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकाच वेळी अनेक प्रकारचे मानव राहत होते. युरोपात निअँडरथल, आशियात डेनिसोव्हन, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीचा छोटा मानव. होमो इरेक्टसचा शेवटचा ठावठिकाणा जावा बेटावर सापडतो, सुमारे १ लाख १० हजार वर्षांपूर्वीचा. फ्लोरेसचा मानव सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी संपला, निअँडरथल सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी. त्या सगळ्यांत उरलो ते एकटे आपण.

आणि ज्यांना आपण ‘आदिम’ म्हणतो, त्या होमो इरेक्टसने जवळपास १८ लाख वर्षं या पृथ्वीवर काढली. आपली झाली आहेत फक्त ३ लाख. टिकून राहण्याच्या परीक्षेत त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकाच पेपर आपण लिहिला आहे.

मग आपली उत्क्रांती थांबली का?

अनेकांना वाटतं की औषधं आली, रुग्णालयं आली, आता नैसर्गिक निवडीला काही काम उरलं नाही. तसं नाही. तुमच्या-माझ्या शरीरात ती अजून चालू आहे.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. भारतात हा आजार प्रथम नोंदला गेला तो १९५२मध्ये, तमिळनाडूतल्याच नीलगिरीच्या आदिवासींमध्ये. गडचिरोली आणि नंदुरबारमधल्या कुटुंबांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. आई आणि वडील दोघांकडूनही हे जनुक आलं तर मूल आयुष्यभर वेदना सोसतं. एकाकडूनच आलं तर मात्र गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे डासांचं राज्य होतं, तिथे हे जनुक म्हणूनच टिकलं. उत्क्रांती असा व्यवहार करते. ती ‘उत्तम’ माणूस घडवत नाही, त्या जागी, त्या काळात जेवढ्यावर भागेल तेवढंच करते.

दुसरं उदाहरण कोविडचं. स्वांते पेबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी २०२०मध्ये दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक जनुकीय तुकडा आपल्याला निअँडरथलकडून मिळालेला आहे. दक्षिण आशियातल्या सुमारे निम्म्या लोकांत तो आहे. पेबोंना २०२२चं नोबेल मिळालं ते अशाच नामशेष मानवांच्या डीएनएच्या अभ्यासासाठी. म्हणजे वाळलेल्या फांद्यांचा रस अजून आपल्यात वाहतो आहे, चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही.

खरी अडचण वेगाची आहे

उत्क्रांतीला वेळ लागतो. एक पिढी २५ वर्षांची धरली, तर १,००० वर्षांत फक्त ४० पिढ्या होतात. आता वेलचेरीकडे बघा. तळी, शेतं आणि बाजूला पळ्ळिकरणैची विस्तीर्ण दलदल, असा हा भाग होता. त्याचं गजबजलेलं शहर व्हायला दोन पिढ्यासुद्धा लागल्या नाहीत. दलदलीचा मोठा भाग भराव, रस्ते, इमारती आणि पेरुंगुडीच्या कचराडेपोखाली गेला. पावसाचं पाणी साठवणारी आणि हळूहळू समुद्राकडे सोडणारी जागाच आक्रसली. डिसेंबर २०१५मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेलचेरी पाण्याखाली गेली, तेव्हा पाणी फक्त आपल्या जुन्या घरी परत आलं होतं.

आपल्या शरीराला एवढ्या झटपट बदलता येत नाही. उकाड्याचंच बघा. घाम येऊन वाळला की शरीर थंड होतं. पण हवेत इतका दमटपणा असेल की घाम वाळतच नाही, तर? ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक ३५ अंश दाखवू लागला, तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही. त्याच्या आतही शरीराचे हाल सुरू होतात. चेन्नईच्या मे महिन्यात बसथांब्यावर उभे राहिला असाल, तर हे वेगळं समजावून सांगायला नको. ही मर्यादा लाखो वर्षांत घडली आहे. ती आपल्या नातवंडांसाठी बदलणार नाही.

संपणं म्हणजे नेमकं काय?

इथे एक फरक नीट लक्षात घेऊ या. मोठं संकट येणं वेगळं आणि मानवजात संपणं वेगळं.

७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्याची राख थेट भारतात पडली. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरमला त्या राखेचा थर आजही दिसतो. तिथे थराच्या खालीही दगडी हत्यारं मिळाली आणि वरही. संकट येऊन गेलं तरी इथलं मानवी जीवन पुसलं गेलं नाही.

जन्मदर घटतोय म्हणून घाबरणाऱ्यांनाही हेच सांगावंसं वाटतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एकूण जननदर तमिळनाडूत १.८ आणि महाराष्ट्रात १.७ होता. लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१च्या आसपास लागतो. म्हातारपणी आधार कोण देणार, कामाला हात कुठून येणार, हे प्रश्न त्यातून नक्कीच उभे राहतात. पण त्याने माणूस नामशेष होण्याचा दिवस जवळ आलेला नाही.

आकाशातून येणारा धोका? ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक अशनी आदळला आणि डायनोसॉरांचं राज्य संपलं. आपला सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा आहे, तो लाव्हा त्याच सुमारास ओतला जात होता. पण डायनोसॉरांकडे दुर्बीण नव्हती. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने डार्ट हे यान डायमॉर्फस या लहानशा अशनीवर मुद्दाम आदळवलं आणि त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी करून दाखवला. पृथ्वीवरच्या एखाद्या जिवाने आकाशातल्या दगडाचा रस्ता बदलल्याची ही पहिलीच वेळ.

मोठे धोके आता आपल्याच हातचे आहेत. अण्वस्त्रं, प्रयोगशाळेत घडवता येणारे रोगजंतू, तापत जाणारं हवामान. अत्तिरमपक्कमच्या माणसाच्या हातात दगड होता. त्याने फार तर समोरच्याचं डोकं फुटलं असतं.

पुढचा माणूस कोण घडवणार?

आता तर उत्क्रांतीची पेन्सिलही आपल्या हातात आली आहे. २०१८मध्ये चीनमधल्या हे जियानकुई या शास्त्रज्ञाने गर्भाच्या जनुकांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. जगभरातून टीका झाली आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. त्या मुलींमधला बदल त्यांच्या मुलाबाळांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

२०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने त्याच तंत्रावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी सुधारल्या जातात, बदल पुढच्या पिढीत जात नाही. ज्या आजाराचं ओझं उत्क्रांतीने आदिवासी कुटुंबांच्या खांद्यावर ठेवलं, ते उतरवता येऊ शकतं. उपचार आज अतिशय महाग आहे. गडचिरोलीच्या मुलीपर्यंत तो पोहोचेल का, हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि आपल्या मनाचा जास्त आहे.

होडी घेऊन येणारी माणसं

तर, माणूस नामशेष होईल का? प्रत्येक प्रजाती कधी ना कधी संपते. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त आज नाहीत. आपल्याला कायमची सूट मिळालेली नाही. पण लवकर संपायचं की होमो इरेक्टससारखी लाखो वर्षं काढायची, यात आपला हात आहे. त्यांना येणारं संकट आधी दिसत नव्हतं. आपल्याला दिसतं.

२०१५च्या त्या पुरात कुणाला कल्ले फुटले नाहीत. चेन्नईच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या घेऊन शहरात शिरले आणि त्यांनी अनोळखी माणसांना बाहेर काढलं. पुढे २०२२मध्ये पळ्ळिकरणैच्या दलदलीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. उशिरा सुचलं, पण सुचलं. एकमेकांसाठी धावून जाणं आणि चूक कळल्यावर ती सुधारणं, आपल्याकडे आहे ते एवढंच. पंख नाहीत, नखं नाहीत, कवच नाही.

पुढच्या वेळी चेन्नईला आलात, तर मुलांना एगमोरच्या सरकारी संग्रहालयात घेऊन जा. तिथे अश्मयुगातली दगडी हत्यारं बघायला मिळतात. काचेपलीकडच्या हातकुऱ्हाडीसमोर दोन मिनिटं थांबा. ती आपल्या मुठीत कशी बसेल, याचा अंदाज मुलांना हात पुढे करून घेऊ द्या. मग सांगा, की ही बनवणारेही माणसंच होती आणि त्यातलं आता कुणी नाही. मूल पुढचा प्रश्न आपणहून विचारेल. त्याचं उत्तर देण्याची तयारी मात्र आपण आजपासून करायला हवी.