‘प्रत’ या शब्दाचा अर्थ आणि व्हॉल्ट विरुद्ध क्वेड खटला

नित्य व्यवहारात ‘प्रत’ आणि ‘नक्कल’ हे शब्द आपण बहुधा समानार्थी म्हणून योजतो. कायद्याच्या भाषेत मात्र अशा एका शब्दाच्या अर्थावर संपूर्ण खटला अवलंबून राहू शकतो. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संगणकाच्या प्रोग्रॅमचाही समावेश आहे. अमेरिकेतील कायदाही प्रोग्रॅमला साहित्यकृती म्हणूनच संरक्षण देतो. परंतु छापील ग्रंथाला घालता येत नाही असे कुलूप प्रोग्रॅमला घालता येते. त्यातून निर्माण झालेला एक अमेरिकी खटला येथे अभ्यासू.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात प्रोग्रॅम फ्लॉपीवर विकले जात. कॅलिफोर्नियातील ‘व्हॉल्ट’ या कंपनीने ‘प्रोलॉक’ नावाच्या फ्लॉपी बाजारात आणल्या. तिच्या चुंबकीय पृष्ठभागावर एक सूक्ष्म भौतिक खूण केलेली असे. फ्लॉपीवरील प्रोग्रॅम दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवता येई; तथापि खूण असलेली मूळ फ्लॉपी संगणकात नसेल, तर तो चालत नसे. कॅनडातील ‘क्वेड’ या कंपनीने ‘रॅमकी’ ही सुविधा विकण्यास आरंभ केला. मूळ फ्लॉपी जागेवरच आहे, असा भास रॅमकी प्रोलॉकला करून देई.

वाद आणि निर्णय

व्हॉल्टने लुइझियाना राज्यातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. तेथे अपयश आल्यावर प्रकरण अपील न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये निर्णय लागला. व्हॉल्टचे दोन आक्षेप आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला आक्षेप असा : कुलपाचा अभ्यास करताना क्वेडने व्हॉल्टचा प्रोग्रॅम संगणकाच्या स्मृतीत उतरवला, म्हणजे त्याची प्रत केली. न्यायालयाने ही प्रत असल्याचे मान्य केले. मात्र प्रोग्रॅम वापरण्यासाठी ती अपरिहार्य असल्याने कायद्याने तिला मुभा दिली आहे, असे ठरवले.

दुसरा आक्षेप असा : रॅमकीमुळे ग्राहकांना बेकायदा प्रती काढणे सुकर होते. येथे न्यायालयाने ग्राहकाची बाजू लक्षात घेतली. मूळ फ्लॉपी खराब झाली वा हरवली, तर पैसे मोजून घेतलेला प्रोग्रॅम निरुपयोगी ठरतो. म्हणून राखीव प्रत काढण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. रॅमकीचा असा वैध उपयोग होत असल्यामुळे क्वेडला दोषी मानता येणार नाही, असा निर्णय झाला.

पुढील बदल

१९९८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून काही मर्यादांसह कुलूप तोडणे हीच स्वतंत्र बेकायदा कृती ठरवली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले. त्यानुसार हक्कभंग करण्याच्या उद्देशाने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. या कलमातील ‘उद्देशाने’ या पदाकडे विशेष लक्ष द्या. कुलूप तोडणारा चोर आहे की स्वतःच्या वस्तूची राखीव प्रत काढणारा ग्राहक, हे कुलपाला कळत नाही. तो विवेक कायद्याच्या शब्दांनीच करावा लागतो.

सारांश

प्रत काढणे, कुलूप तोडणे आणि हक्कभंग करणे या तीन भिन्न क्रिया आहेत. त्यांना एकाच शब्दात गुंडाळले, तर निर्मात्यावर किंवा ग्राहकावर अन्याय होण्याचा संभव असतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

६५अ कलमातून ‘उद्देशाने’ हे पद वगळल्यास त्याच्या अर्थात कोणता बदल होईल, ते पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.