'ब्रह्मचारी' : हसायचं कुणाला?

आमच्या पेण-रोहा भागात कबड्डीचं भारी वेड. मुलीही जोरात खेळतात. पण परवा आमच्या संघातली एक मुलगी म्हणाली, "बाई, मी उद्यापासून येणार नाही. हाफ पँटवरून लोक हसतात." तिला काय सांगावं सुचेना. मग वर्गात 'विनोद' शिकवताना मी 'ब्रह्मचारी'ची गोष्ट सांगितली.

हा १९३८ सालचा कृष्णधवल विनोदी बोलपट, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा. दिग्दर्शक मास्टर विनायक; कथा आचार्य अत्र्यांची. औदुंबर नावाचा तरुण (स्वतः विनायक) ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून भारावतो, जमवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो आणि आश्रमात जातो. तिथे किशोरी येते आणि त्याचा निश्चय डळमळू लागतो.

किशोरी झाल्या होत्या मीनाक्षी शिरोडकर. एका गाण्यात त्या पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि एकच गहजब झाला. टीका झाली, तरी चित्रपट जोरात चालला.

आता विचार करा, इथे विनोद कुणावर आहे? किशोरीवर नाही. ती मनातलं उघड सांगते. हसू येतं औदुंबरचं, कारण त्याचं व्रत एकीकडे आणि मन दुसरीकडे. चेष्टेत आपण माणसाच्या दिसण्याला, कपड्यांना हसतो. उपहासात ढोंगाला हसतो. फरक एवढाच, पण फार मोठा.

त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये 'ब्रिंगिंग अप बेबी' आला. त्यातही डायनोसॉरच्या सांगाड्यात बुडालेल्या नायकाची घडी कॅथरिन हेपबर्नची धीट नायिका पार विसकटून टाकते. दोन्हीकडे गोष्ट पुढे नेते ती नायिकाच.

वर्गात करून बघा : फळ्यावर दोन रकाने आखा. 'काय बोलतो' आणि 'काय वागतो'. मुलांना औदुंबरचे रकाने भरू द्या, मग रोजच्या पाहण्यातली उदाहरणं मागा.

आमच्या त्या खेळाडू मुलीने पहिल्या रकान्यात लिहिलं, 'जिंकल्यावर हार घालतात.' दुसऱ्यात, 'खेळताना कपड्यांना हसतात.' सगळा वर्ग आधी हसला, मग गप्प झाला.

तिला मैदानावर यायचंय. घरून होकार हवाय. पालकहो, आपले दोन रकाने आपणही एकदा भरून बघूया का?