छापील पानामागचे मूळ चित्र

'अ‍ॅस्टेरिक्स'चे चित्रकार अल्बेर उदेर्झो यांनी २०११ मध्ये आपल्या तीन चित्रकथांची मूळ पाने फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दान केली. २०१३ मध्ये पॅरिसमध्ये या दानाच्या निमित्ताने प्रदर्शनही भरले. पुस्तक घरोघरी असताना मूळ पान पाहायला लोक का जातात?

याचे उत्तर चित्रनिर्मितीच्या पद्धतीत आहे. विसाव्या शतकातील युरोपीय चित्रकथांची पाने सामान्यतः छापील पानापेक्षा मोठ्या कागदावर पेन्सिलने रेखाटून काळ्या शाईने पक्की केली जात. चूक पांढऱ्या रंगाने झाकली जाई. रंग बहुधा वेगळ्या प्रतीवर भरले जात. छपाईत लुप्त होणाऱ्या या खाणाखुणा मूळ पानावरच दिसतात.

एकेकाळी केवळ छपाईचे साधन मानली गेलेली ही पाने आज मौल्यवान ठरली आहेत. एर्जे यांनी १९३६ मध्ये 'टिनटिन'च्या 'द ब्लू लोटस'साठी रंगविलेले मुखपृष्ठ छपाईस महाग पडेल म्हणून वापरलेच गेले नाही. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला सुमारे ३२ लाख युरो मिळाले. अशा किमती सार्वजनिक संस्थांना परवडणे कठीण. शिवाय प्रकाशाने कागद पिवळा पडतो, रंग विटतात. म्हणून पाने सतत मांडून ठेवता येत नाहीत. खासगी तिजोरीत गेलेले पान तर वाचकांच्या नजरेस पडेलच असे नाही. उदेर्झो यांच्या दानाचे मोल त्यामुळेच अधिक आहे.