शालेय क्रीडाकथा आणि पावसाळ्यातील वाचन

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवरील शाळेचे मैदान पावसाळ्यात फारसे उपयोगी पडत नाही. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत, विशेषतः पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, आषाढ-श्रावणात माती पायाला अशी चिकटते की, खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागतो. बहुधा तो पाढ्यांत किंवा शुद्धलेखनात जातो. त्यातील काही तास क्रीडाकथांच्या वाचनाला द्यावेत, हे अनेक दृष्टींनी हिताचे आहे. सहावी-सातवीच्या वर्गात एक वाटणी सहज दिसून येते. मैदानावर चपळ असणारी मुले पुस्तकापासून दूर राहतात, आणि पुस्तकात रमणारी मुले मैदानाच्या कडेला उभी असतात. या दोन्ही मुलांना एका सतरंजीवर बसविणारे वाचन म्हणजे खेळणाऱ्या मुलांच्या कथा-कादंबऱ्यांचे वाचन होय.

इंग्रजीत हा प्रकार रूढ झाला तो टॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' या १८५७ सालच्या कादंबरीमुळे. रग्बी येथील शाळेत आलेला टॉम पुढे क्रिकेट संघाचा कप्तान होतो. शेवटच्या सामन्यासाठी तो आर्थर या नाजूक प्रकृतीच्या मित्राला संघात घेतो. केवळ खेळाच्या बळावर त्याची निवड झाली असती की नाही, याची टॉमलाही खात्री नाही. आर्थरचे त्यात भले होईल, एवढेच त्याला ठाऊक आहे. हा प्रसंग गोष्टीरूपाने सांगून 'टॉमने योग्य केले काय?' असे वर्गास विचारावे. वर्गात तत्काळ दोन पक्ष पडतील. शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. ज्या मुलाला गडी वाटून घेताना नेहमी शेवटी घेतले जाते, तो या चर्चेत काय बोलतो, इकडे मात्र लक्ष असावे.

क्रीडाकथेची पारख यावरूनच होते. पुष्कळ गोष्टी अखेरच्या क्षणी मिळालेल्या विजयावर आणि पदकावर संपतात. त्या मुलांना आवडतात, हे खरे. परंतु हरलेल्या मुलाला त्यांत जागा नसते, आणि कोणत्याही शाळेत हरणारेच अधिक असतात.

मराठीत शालेय खेळावरच उभारलेल्या कादंबऱ्या मोजक्याच आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांना प्रिय आहे, परंतु त्याची सायकल स्पर्धेपेक्षा साहसाच्या मागेच अधिक धावते. म्हणून शिक्षकांनी थोरांच्या व बालांच्या साहित्यातून वेचे निवडावेत हे उत्तम. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मध्ये पोहण्यास भिणारा श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहावयास धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ असते. भीतीचे इतके खरे चित्र क्वचितच आढळते. मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. तेव्हा न मारता श्यामची भीती कशी घालविता आली असती, हा प्रश्न मुलांपुढे अवश्य ठेवावा.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही तर शिक्षकाचीच कादंबरी. ती बालवाचकांसाठी लिहिलेली नाही. काही भाग गाळूनच वाचावी लागते. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. त्याला प्रथम शाळेसाठी मुले जमवावी लागतात, आणि पुढे त्याच्या मनात येते की गावाला तालीम हवी. ज्या गावात पोटापाण्याची विवंचना, तेथे तालमीचे काय प्रयोजन, असे कोणासही वाटेल. तथापि गाव कामाला लागते, अंग मोडून राबते आणि तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ येतो व वाडी उठून जाते. मुले येथे हमखास विचारतात की, मग त्या तालमीचा उपयोग काय झाला? या प्रश्नाला तयार उत्तर नाही, आणि ते शोधण्यात एक तास गेला तरी तो वाया गेला असे मानू नये.

वेचे वाचून झाले की मुलांकडून लिहून घ्यावे. त्यासाठी खो-खोसारखा दुसरा खेळ नाही. आठ गडी एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसतात, नववा धावतो. खो मिळेपर्यंत बसलेल्याने उठावयाचे नाही, आणि धावणाऱ्याने एकदा धरलेली दिशा बदलावयाची नाही. वाट पाहणे, चुकून आधी उठणे, पंचाने न पाहिलेली आपली चूक आपणच सांगावी की न सांगावी, हे सर्व कथेचेच विषय होत. 'खो मिळण्यापूर्वी मनात काय चालते?' एवढाच विषय दिला तरी एरवी चार ओळींवर न जाणारा मुलगा पान भरतो.

जवळचा विषय हवा असल्यास अमरावती दूर नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे सुरू केलेली व्यायामशाळा आज श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ज्ञात आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या संस्थेच्या पथकाने हुतूतूसारखे भारतीय खेळ तेथे करून दाखविले. बोटीचा प्रवास, परकी भाषा, आणि ज्यांना हुतूतू हा शब्दही ठाऊक नाही असे प्रेक्षक! त्या पथकातील एका गड्याने घरी पत्र लिहिले असते तर ते कसे असते, अशी कल्पना करून मुलांनी पत्रे लिहावीत.

मुलींच्या बाबतीत विशेष सावध असावे. पाचवीपर्यंत धावणारी मुलगी सातवीत ओढणी सावरीत कडेला उभी राहू लागते. घरून कोणी खेळू नको म्हटलेले असते, किंवा कोणी काही न म्हणताच तिला ते समजलेले असते. क्रीडाकथांतही नायक बहुधा मुलगाच असतो. अशा मुलीला वर्गापुढे कारण विचारू नये. तिला वही द्यावी आणि खेळणाऱ्या मुलीची गोष्ट लिहावयास सांगावी. ती काय लिहिते ते वाचून मगच तिच्या आईची भेट घ्यावी.

या सर्व लिखाणाची पाने वर्षाअखेर सुताने शिवून, पुठ्ठा लावून शाळेच्या कपाटात ठेवावीत. पुढील वर्षी मैदानात चिखल झाला की, नव्या वर्गाने वाचनाचा आरंभ त्या वहीपासून करावा.