‘थांबा’च्या पाटीनें गाडी थांबते काय?

लांजा हें रत्नागिरी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाच्या काठीं वसलेलें आहे. पूर्वीं १७ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आतां ६६ हा क्रमांक मिळालेला हा रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांस बाजारपेठ वाढली आणि बाजारपेठेच्या पाठीमागें आळ्या व वाड्या पसरल्या. महामार्गावरील वाहतुकीची चर्चा नेहमींच होते. तिचे आराखडे निघतात, तिच्यासाठीं पूल बांधले जातात, वर्तमानपत्रें तिच्याविषयीं लिहितात. परंतु एखादें वाहन महामार्ग सोडून आळींत शिरलें, म्हणजे त्याच्या वेगाची काळजी कोणीं वहावयाची, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं. वास्तविक मुलें शाळेला निघतात, म्हातारीं माणसें देवळाकडे जातात, कामकरी स्त्रिया बाजाराची वाट धरतात, तीं सर्व ह्याच आंतल्या रस्त्यांवरून.

कोंकणांतील ह्या रस्त्यांची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. कितीएक रस्ते मूळचे पायवाटा किंवा बैलगाडीच्या वाटा. त्यांच्यावर पुढें खडी आणि डांबर पडलें. दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे, गडग्यांवर झुडपें आणि वेली, मध्यें चढउतार आणि आडवीं वळणें. गडग्याच्या आडून बाहेर येणारें पांच-सहा वर्षांचें मूल रस्त्यावर पाऊल टाकीपर्यंत मोटार हांकणाऱ्याला दिसत नाहीं, आणि मुलालाही मोटार दिसत नाहीं. जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत रस्ता निसरडा असतो आणि पावसाच्या आवाजांत इंजिनाचा आवाज बुडून जातो. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुटी ह्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्या आळ्याआळ्यांत येतात. महामार्गावरून तासन् तास आलेल्या हाताला आणि पायाला तोच वेग अंगवळणीं पडलेला असतो. पूर्वीं वाटेवरचे खड्डे आणि धोंडे हेच वेगाला आवर घालीत. रस्ता गुळगुळीत झाला आणि तो आवर गेला.

अशा आळींत एखादा अपघात होतो, किंवा होतां होतां टळतो, आणि रहिवाशांची मागणी बहुधा ठरलेली असते: कोपऱ्यावर ‘थांबा’ अशी पाटी लावा. मागणी साधी आहे. लोखंडी खांब, त्यावर रंगविलेला पत्रा, खर्च थोडा आणि काम एका दिवसाचें. पाटीवरची आज्ञाही निःसंदिग्ध. म्हणून पाटी लागली, कीं आळी सुरक्षित झाली असें सर्वांस वाटतें. हें वाटणें कितपत खरें आहे तें ठरविण्यासाठीं ही पाटी मुळांत कशाकरितां निघाली हें पाहावें लागतें.

‘थांबा’च्या पाटीचा उगम अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत १९१५ सालीं झाला असें मानतात. मोटारींच्या कारखान्यांचें तें शहर; चौकाचौकांत कोणी आधीं जावें आणि कोणी मागाहून, ह्याचे तंटे तेथें प्रथम उभे राहिले. पहिली पाटी चौकोनी होती. पांढऱ्या पत्र्यावर काळीं अक्षरें. १९२३ च्या सुमारास तिला अष्टकोनी आकार सुचविण्यांत आला. इतर कोणत्याही पाटीला हा आकार नसल्यामुळें अंधारांत, अक्षरें पुसट झालीं असतां, किंवा मागच्या बाजूनें पाहिलें तरी ती ओळखतां यावी, असा त्यांतील हेतु होता. तिचा तांबडा रंग अमेरिकेंत १९५४ पासून रूढ झाला, आणि १९६८ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारानें ह्या अष्टकोनाला मान्यता दिली. भारतांतही हीच अष्टकोनी, तांबडी, पांढऱ्या काठाची पाटी प्रमाण मानली जाते.

ह्या इतिहासांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाटीचा जन्म झाला तो चौकांतील पहिला हक्क कोणाचा हें ठरविण्यासाठीं. लहान रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, किंवा कोपरा इतका आंधळा असतो कीं पूर्ण थांबल्याशिवाय दुसऱ्या बाजूचें कांहीं दिसतच नाहीं, तेथें तिचें काम. जेथें दुरून दिसतें, तेथें उलट्या त्रिकोणाची, ‘मार्ग द्या’ ह्या अर्थाची पाटी पुरेशी होते. अमेरिकेंत गल्लोगल्लीं ‘थांबा’च्या पाट्या मागणाऱ्या नागरिकांची कधींच वाण पडली नाहीं, तरीही त्या देशाच्या वाहतूक-चिन्हांच्या अधिकृत नियमपुस्तकानें वेग आटोक्यांत ठेवण्याकरितां ही पाटी वापरूं नये असें सांगितलें आहे.

असें सांगण्याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. विनाकारण लावलेल्या पाटीपुढें मोटार हांकणारा पहिले कांहीं दिवस थांबतो. डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो, कोणी नसतें. दहा वेळां कोणी नसलें, म्हणजे अकराव्या वेळीं तो नुसता वेग कमी करतो आणि पुढें तेवढेंही करीत नाहीं. जो थांबतो, त्याचा वेग पाटीच्या आसपासच्या थोड्या अंतरापुरताच उतरतो. गेलेला वेळ भरून काढण्यासाठीं दोन पाट्यांच्या मधल्या भागांत तो अधिकच जोरानें जातो, आणि मुलें खेळतात तीं नेमकीं ह्या मधल्या भागांत. आणखी एक हानि ह्याहून मोठी आहे. निरर्थक पाटी मोडण्याची संवय लागलेला मनुष्य आवश्यक पाटीही त्याच संवयीनें मोडतो. घरच्यांनीं मात्र मुलाला शिकविलेलें असतें, कीं येथें गाड्या थांबतात. तें विश्वासानें पाऊल टाकतें. ज्या पाटीवर पायीं चालणारा विसंबतो आणि गाडी हांकणारा विसंबत नाहीं, ती पाटी नसलेली बरी.

कायद्याच्या दृष्टीनेंही ही पाटी हलक्या हातानें लावण्याची वस्तु नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ अन्वयें वाहतुकीचीं चिन्हें उभारण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्यानें अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. कलम ११९ अन्वयें आज्ञादर्शक चिन्ह पाळणें हें वाहन चालविणाऱ्याचें कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्यें ‘थांबा’चें चिन्ह मोडणें हें तांबडा दिवा ओलांडण्याप्रमाणेंच धोकादायक वाहन चालविण्यांत गणलें आहे, पहिल्या अपराधालाही सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. इतकी कडक शिक्षा ज्या आज्ञेमागें उभी आहे, ती आज्ञा प्रत्येक आळीच्या तोंडाशीं टांगली, तर शिक्षा कागदावर राहते आणि आज्ञेची किंमत जाते.

मग खरा शत्रु कोण? वेग; आणि वेगाचा हिशेब साध्या अंकगणिताचा आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १४ मीटर जाते. ताशीं ३० च्या वेगानें जाणारी सुमारें ८ मीटर. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या माणसालाही सुमारें एक सेकंद लागतो. त्यानंतर गाडी थांबण्यास जें अंतर लागतें तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असतांना, ३० च्या वेगाची गाडी एकंदर १३-१४ मीटरांत उभी राहते. ५० च्या वेगाच्या गाडीला २८ मीटरांच्या आसपास लागतात. आतां समजा, गडग्याच्या आडून एक मूल १५ मीटरांवर पुढें आलें. पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबेल. दुसऱ्या गाडीचा ब्रेक तेथें लागूं लागतो न लागतो तोंच ती मुलापर्यंत पोंचेल, म्हणजे जवळजवळ पूर्ण वेगानें आदळेल. ओल्या रस्त्यावर हीं अंतरें आणखी वाढतात.

भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ माणसें पायीं चालणारीं होतीं. सरासरी वेग शेंकडा एकानें वाढला, तर प्राणघातक अपघाताचा संभव शेंकडा चारानें वाढतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० सालीं स्टॉकहोम येथें भरलेल्या रस्तासुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ह्याच विचारानें, जेथें माणसें आणि वाहनें वरचेवर एकत्र येतात तेथें ताशीं ३० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठेवावी असें जाहीर केलें. आळीला हवी आहे ती ही मर्यादा. आणि ती सर्व आळीभर हवी, एका कोपऱ्यापुरती नव्हे.

ही मर्यादा पाळावयास लावणारें साधन म्हणजे रस्त्याची घडण. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरांत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस राहत्या घरांपुढील रस्ते मुद्दाम नागमोडी करण्यांत आले. मध्यें झाडें लावलीं, बांक ठेवले, पदपथ आणि गाडीवाट एका पातळीवर आणली. गाडी हांकणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या दारांतून जात आहों असें वाटावें, ही त्यांतील योजना. तेथील सरकारनें १९७६ सालीं ह्या पद्धतीला कायद्यांत स्थान दिलें. अशा रस्त्याला त्यांच्या भाषेंत ‘वोनर्फ’ म्हणतात. त्याचा अर्थ राहण्याचें आंगण. सारवलेल्या आंगणांतून कोणी धांवत जात नाहीं, हें कोंकणच्या माणसाला सांगावयास नको.

आपल्याकडे ह्या कामाला परिचित साधन म्हणजे गतिरोधक. भारतीय रस्ते महासभेनें १९८८ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याचें माप दिलें आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यभागीं उंची १० सेंटिमीटर, आणि माथा गोलसर. अशा गतिरोधकावरून ताशीं २५ किलोमीटर वेगाची गाडी हिसका न बसतां जाते. अधिक वेगाची गाडी बसणाऱ्याला आपोआप समज देते. त्याच्या अलीकडे ४० मीटरांवर सूचनेची पाटी आणि त्याच्यावर ठळक पट्टे असावेत असाही नियम आहे. पुष्कळ ठिकाणीं मात्र रहिवासी रातोरात सिमेंटचा हातभर रुंदीचा उंचवटा घालतात. तो बेकायदेशीर तर असतोच. शिवाय दुचाकीस्वार त्यावर पडतात, रिक्षांतील गर्भवती स्त्रीला व रुग्णवाहिकेंतील आजाऱ्याला त्याचा धक्का बसतो, आणि कोंकणांत पागोळ्यांचें व गटाराचें पाणी त्याच्यामागें अडून रस्ता उखडतो.

ह्या विचारानें लांज्यासारख्या गांवीं कामाचा क्रम असा लागेल. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळीं आठवडाभर कोपऱ्यावर उभें राहून किती माणसें चालतात, किती वाहनें येतात आणि नजर कोठें अडते तें लिहून काढावें. वेली व झुडपें तोडावीं. मालकाच्या संमतीनें कोपऱ्यापुरता गडगा कमरेइतका उतरवावा. तें जमत नसेल तेथें बहिर्गोल आरसा बसवावा. महामार्गावरून आळींत शिरण्याचें तोंड अरुंद करून पायीं चालणाऱ्यांची ओलांडण्याची जागा थोडी उंच करावी, म्हणजे येथें गांव सुरू होतें हें चाकालाच कळेल. लांब, सरळ उतारावर मापाचा गतिरोधक घालावा. इतकें करूनही एखादा कोपरा आंधळाच राहिला, तर तेथें ‘थांबा’ची पाटी लावावी, तिच्यासमोर जाड पांढरी रेघ ओढावी, आणि श्रावणांत वेल चढून ती झांकली जाणार नाहीं ह्याची जबाबदारी कोणावर तरी सोंपवावी. अशी एकच पाटी लोक पाळतात, कारण तिचें कारण डोळ्यांना दिसतें.

गांवांतील रस्त्यांची देखभाल १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाप्रमाणें नगरपंचायतीकडे येते. महामार्गाचें तोंड मात्र महामार्गाच्या अधिकाऱ्यांच्या हातीं असतें, म्हणून अर्ज दोन्हीकडे करावा लागतो. नुसत्या पन्नास सह्यांच्या अर्जापेक्षां कोपऱ्याचा नकाशा, वेळा आणि मोजलेले आंकडे जोडलेला अर्ज अधिकाऱ्याला बाजूस ठेवणें कठीण जातें. पाटी मागण्यास एक दुपार पुरते. रस्ता सुधारून घेण्यास एक-दोन पावसाळे लागतील. परंतु सुधारलेला रस्ता रात्रीं, पावसांत आणि पोलीस नसतांनाही आपलें काम करीत राहतो.