राष्ट्रीय हॉकी अजिंक्यपद : ढाल आणि चषक

हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय हॉकी अजिंक्यपदाचा आरंभ 1928 मध्ये कलकत्ता येथे झाला. अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकसाठी संघ निवडणे, हा या आंतरप्रांतीय स्पर्धेचा मूळ हेतू होय. संयुक्त प्रांत, राजपुताना, बंगाल, पंजाब आणि मध्यप्रांत असे पाच संघ तीत उतरले. वरूड ज्या वऱ्हाडात मोडते, तो 1903 पासून मध्यप्रांताच्याच कारभारास जोडलेला होता. तेव्हा या आरंभाशी आपल्या प्रदेशाचाही संबंध पोहोचतो. अंतिम सामना संयुक्त प्रांताने राजपुतान्याविरुद्ध 3–1 असा जिंकला.

पुढे भारतीय संघास 1935 च्या न्यूझीलंड दौऱ्यात लाभलेली ढाल विजेत्यांस देण्यात येऊ लागली. फाळणीच्या वेळी ती विजेत्या पंजाबकडे होती. प्रांत दुभंगला आणि ढाल पाकिस्तानात राहिली. 1951 मध्ये मद्रासच्या ‘द हिंदू’ पत्राच्या चालकांनी आपल्या दिवंगत संपादकांच्या स्मरणार्थ रंगस्वामी चषक दिला.

म्हणून चषकाच्या वयावरून स्पर्धेचे वय मोजणे सदोष ठरते. तसे केल्यास आरंभीची तेवीस वर्षे हिशेबातून गळतात, आणि त्यांबरोबर अविभक्त पंजाबचे विजयही.