कलेचे मोल आणि दानाचा हिशेब

कोकणात गणपती आणावयाचा म्हणजे आधी मूर्तिकाराकडे पाट नेऊन द्यावयाचा, ही जुनी चाल. या पाटावरील कलेचा पेण येथे केव्हाच मोठा व्यवसाय झाला. पेण शहर व त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे आज जवळजवळ वर्षभर मूर्ती घडविण्यात गुंतलेली असतात. परदेशी जावयाच्या मूर्ती तर चतुर्थीपूर्वी कित्येक महिने जहाजाने रवाना होतात. हातच्या कलेवर संसार चालविण्यात कमीपणा नाही, हे पेणकरांनी कृतीने दाखविले आहे.

परंतु पेण-रोह्याकडे काय किंवा अन्यत्र काय, ज्यांचा संसार कलेवर अवलंबून नाही अशाही पुष्कळ भगिनी असतात. कोणी शाडूची लहान मूर्ती करते, कोणी मखर, तर कोणी भरतकाम. या वस्तू विकून येणारे पैसे एखाद्या सत्कार्यास द्यावेत, असे त्यांच्या मनात येते. हेतू उदात्त खरा. पण हिशेब चुकला तर असा उद्योग दोन-तीन मोसमांतच थकतो.

उदाहरणादाखल असे समजा, की एक मूर्ती ८०० रुपयांस विकली गेली. माती, रंग व बांधणी यांस ३०० रुपये लागले. उरलेले ५०० रुपये दानास देऊन आपण मोकळ्या होतो. आपल्या श्रमांचे मोल मात्र शून्य धरतो. ‘घरचेच तर काम!’ असे म्हणून घरातील मंडळीही ते मान्य करतात. पुढे मदतीस कोणी घ्यावे लागले, म्हणजे मजुरी कोठून द्यावयाची? शाडू सावकाश वाळतो, वाळताना कधी तडकतो; ती नुकसानी कोणी सोसावयाची? म्हणून श्रमांचे ३५० व मोडतोडीचे ५० रुपये आधी बाजूस काढावेत. उरलेले १०० रुपये हेच खरे दान. एकदाच दिलेल्या ५०० रुपयांपेक्षा दरवर्षी पोहोचणारे १०० रुपये संस्थेच्या अधिक उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट वस्तूच्या गुणाची. डोळ्यांची आखणी बिघडली, तर केवळ धर्मकार्य म्हणून तो गणपती कोणी देवघरात बसविणार नाही. पु. ल. देशपांडे यांच्या प्रयोगांस लोक तिकीट काढून येत, ते हसावयास. दान करावयास नव्हे. तरीही त्यांनी व सुनीताबाईंनी १९६५ साली स्थापिलेल्या फाउंडेशनमधून अनेक संस्थांस साहाय्य मिळाले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले, त्यासही त्यांचा आधार होता. आधी कला कसास उतरली, मग दान घडले.

तिसरी गोष्ट सचोटीची. ‘नफ्यातील काही भाग’ असे मोघम न लिहिता ‘या मूर्तीमागे १०० रुपये’ असे स्पष्ट लिहावे, संस्थेचे नाव तिच्या संमतीने छापावे व मोसम संपताच तिची पावती गिऱ्हाइकांस दाखवावी. संस्था जवळची असल्यास फारच उत्तम. रोहे तालुक्यातील एखाद्या आदिवासी वाडीवरील मुलांस वह्या मिळाल्या, तर रोह्याचे गिऱ्हाईक ते स्वतः जाऊन पाहू शकते.

भगिनींनो, यंदा पाट मांडाल तेव्हा शेजारी हिशेबाची वहीही ठेवा. आणि तिच्या पहिल्या पानावर आपल्या श्रमांची किंमत निःसंकोचपणे लिहा.